मदत हवी आहे: हबमध्ये अडकलेला डॅशकॅम रद्द करू की थांबू?

एका मोठ्या शॉपिंग ॲपवरून पुढचा-मागचा असा जोडीचा डॅशकॅम (गाडीत बसवायचा, रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) मागवलाय. पैसे यूपीआयने आधीच भरलेत. पार्सल कुरिअरच्या भिवंडीच्या हबपर्यंत, म्हणजे वाटपाच्या गोदामापर्यंत, झटपट आलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. ट्रॅकिंगवर रोज सकाळी 'आज येईल', रात्री 'ग्राहक उपलब्ध नाही'. आई दिवसभर घरात असते, वॉचमनच्या वहीत कुरिअरवाल्याची नोंद नाही, साधा मिस्ड कॉलही नाही. म्हणजे माणूस फिरकलाच नाही, नुसती बटणं दाबतोय.

पत्ता, पिनकोड बरोबर आहे. बाकीची पार्सलं नीट येतात. चॅटवर तेच ठरलेलं उत्तर, विक्रेता कुरिअरकडे बोट दाखवतो. ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला, पोच आलीय. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांना निवारणाला महिना मिळतो, पण आम्हाला गणपतीला गाडीने कोकणात जायचंय. तोवर कॅमेरा बसायलाच हवा. हबवर जाऊन घ्यायची तयारी आहे, पण पत्ता कुणी देत नाही. दुकानात हेच मॉडेल नाही, आणि दुसरं घ्यायचं तर आधी हे पैसे सुटायला हवेत.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर अजून तक्रार केलेली नाही. अनुभव असेल त्यांनी सांगा: आत्ता रद्द केलं तर रिफंड लगेच निघतो की पार्सल विक्रेत्याकडे परत पोचल्यावरच? आणि ऑर्डर चालू ठेवून १९१५ वर तक्रार केली तर कुरिअर खरंच हलतं का?