बुडालेलं जहाज बघायला कोण कोण गेलंय? अनुभव सांगा

निळावंती
काल माळा काढला. गणपतीच्या मखराच्या खोक्यात माझा जुना डायव्हिंग मास्क निघाला. रबर चिकट झालंय, काच मात्र धड आहे. हातात घेतला आणि अकरा वर्षांपूर्वीचं गोवा आठवलं.

ग्रँड बेटाजवळ सुझीज रेक म्हणून बुडालेली बोट आहे, तिथे गेले होते. पाणी म्हणजे दूध घातलेला चहा. इन्स्ट्रक्टरने हाताने खूण केली, ती बघ बोट. मी मान डोलावली. मला दिसली ती फक्त त्याच्या पायातली पिवळी फिन. वर आल्यावर सगळे "काय भारी" म्हणत होते, मग मीही म्हटलं. घरी आजतागायत खरं सांगितलेलं नाही.

आता लेक १९ची झाली, डायव्हिंगचा पहिला कोर्स, ओपन वॉटर, करून आली आणि मागे लागलीय की आई, बालीला चल, तुलांबेनला. तिथलं लिबर्टी जहाज. जानेवारी १९४२ मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीत जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, बुडायच्या आत ओढून किनाऱ्याला लावलं, तिथेच वीसेक वर्षं पडून राहिलं. मग १९६३ ला आगुंग ज्वालामुखी फुटला आणि त्या हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेलं. किनाऱ्यावरून चालत जाऊन बघता येतं म्हणे. मार्चमध्ये पाडव्याला जोडून रजा टाकतेय. गेलेल्यांनी लिहा. आणि नुसती बोट बुडाल्याचा अनुभव असेल तरी लिहा, तेवढीच करमणूक.

चहाबाज
पाडवा नको!!!! बाकीचं नंतर वाचते, आधी हे.

निळावंती
का गं?

चहाबाज
कुकर लावून आले. ऐक. बालीत न्येपी असतो. त्यांचं नववर्ष, शक संवतच, म्हणजे आपलाच शक. त्यामुळे बऱ्याच वर्षी पाडव्याच्या दिवशी नाहीतर एखाद्या दिवसाने मागेपुढे येतो, काही वर्षी मात्र महिनाभर आधी. २०२३ ला दोन्ही २२ मार्चला आले आणि आम्ही नेमके तिथे. चोवीस तास अख्खं बेट बंद. विमानतळसुद्धा. रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, समुद्र तर लांबच. रात्री दिवे नाहीत. आमच्या ह्यांनी चार्जर शोधायला मोबाईलचा टॉर्च लावला तर खालून गावच्या राखणदाराने शिट्टी मारली.

सासूबाईंनी पुण्याहून गुढीची घडीची काठी, तांब्या, सगळं आणलेलं. बाहेर जायची सोय नाही. शेवटी गुढी उभारली बाथरूममध्ये, शॉवरच्या दांडीला बांधून. कडुलिंबाऐवजी कढीपत्ता. तीन दिवसांच्या ट्रिपमधला एक दिवस असा गेला. आदल्या संध्याकाळी मात्र राक्षसांच्या अवाढव्य पुतळ्यांची मिरवणूक काढतात, ती चुकवू नकोस.

दुपारची_झोप
शॉवरची गुढी 😂😂 फोटो टाक

चहाबाज
टाकला तर सासूबाई मला टाकतील.

खोलपाणी
तुलांबेनला तीनदा गेलोय. मुद्द्याचं लिहितो.

जहाज साधारण १२० मीटर लांब, आडवं पडलेलं. उथळ टोक पाच मीटरच्या आसपास, खोल भाग तिसाच्या जवळ. लेकीचं ओपन वॉटर म्हणजे १८ मीटरपर्यंत. तेवढ्यात भरपूर बघून होतं, त्याखाली हौस म्हणून जायचं नाही. पुढचा कोर्स, अॅडव्हान्स्ड, तिथेच करता येतो. तुमचं डायव्हिंगचं कार्ड अकरा वर्षांपूर्वीचं असेल तर आधी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी, करा, पोहण्याच्या तलावात. लाजू नका.

पहाटे जा. साडेसहाला पाण्यात. आठनंतर दक्षिण बालीहून गाड्या येतात आणि जहाजावर दादर स्टेशन होतं. पहाटे कपाळावर टेंगूळ असलेले मोठाले पोपटमासे झोपेतून उठून कळपाने निघतात, म्हशी गोठ्यातून सुटतात तसे.

जहाजाची जहाज म्हणून अपेक्षा ठेवू नका. शिडं-डोलकाठ्या वगैरे काही नाही. लोखंडाच्या फासळ्या, त्यावर प्रवाळ. पहिल्या डाइव्हला मला कळलंच नाही की मी जहाजाच्या आत आहे.

दुसरं, हे कुणी सांगत नाही. डाइव्ह झाल्यावर त्याच दिवशी किंतामणीमार्गे उबूदला जाऊ नका. तो घाट दीड हजार मीटरवर चढतो. डाइव्हमुळे अंगात विरघळलेला नायट्रोजन असताना डोंगर चढणं आणि विमानात बसणं सारखंच. किनाऱ्याकिनाऱ्याने चांदीदासावरून परता. विमानाआधी किमान १८ तास कोरडे राहा, डाइव्ह नाही.

सर्दी असेल तर उतरायचं नाही. पैसे गेले तरी चालतील.

निळावंती
हे सोनं आहे. आमच्या ड्रायव्हरने किंतामणीच ठरवलं होतं, वाटेत ज्वालामुखी बघत जेवू म्हणून.

अनुजा७२
मी डाइव्ह केलेलं नाही, नवरा करतो, मी काठावर बसते. तुलांबेनचा काठ म्हणजे वाळू नाही, काळे गोल धोंडे. बटाट्याएवढे ते कलिंगडाएवढे. बूट घातलेले धडधाकट पुरुष तिथे पाण्यात शिरताना बदकासारखे कोलमडतात. आणि गावातल्या बायका अनवाणी किंवा साध्या चपलेत, डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हवेचा सिलिंडर. एक आजी माझ्या आईच्या वयाची, दोन दोन घेऊन चालली होती. मी हातातलं नारळपाणी खाली ठेवलं. पिववेना.

चहाबाज
हो गं, त्या बायका. टिप सुट्टी ठेवा.

अनुजा७२
सुट्टीवरून आठवलं. विमानतळावर व्हिसाचे पाच लाख म्हटल्यावर आमचे हे दोन पावलं मागे सरकले. रुपिया हो, रुपये नाहीत.

दुपारची_झोप
माझा अनुभव तिथलाच. वीसेक मीटरवर एका पत्र्याच्या कडेला बोट लागलं. वेदना काही नाही, बघते तर बोटातून हिरवा धूर निघतोय. हिरवा! मला वाटलं विषारी काहीतरी चावलं. घाबरून श्वास इतका जोरात घ्यायला लागले की इन्स्ट्रक्टरने माझा हवेचा गेज बघितला आणि अंगठा वर केला. चला वर. वर येता येता धूर तपकिरी झाला, मग लाल. माझंच रक्त. खाली लाल रंग पोचत नाही हे थिअरीत शिकले होते, पेपरात बरोबर लिहून मार्कही मिळवले होते.

शिवाय २० मीटरवर दाब वरच्या तिप्पट, म्हणजे हवाही तिप्पट वेगाने संपते. तोही मार्क मिळाला होता.

मालवणी_मेवा
बालीक कित्याक जातास, हंय येवा. नौदलाची निवृत्त बोट गुलदार निवती रॉककडे समुद्राच्या तळाक ठेवूची योजना आसा, एमटीडीसीची. पावसात येव नको म्हणजे झाला.

आमच्या आज्याक बुडालेली बोट म्हणजे काय ता माहीत. थंय जाळा अडाकता. बोट कधी बुडाली ता कोणाक आठवत नाय, जाळा खंय फाटला ता सगळ्यांका आठवता.

निळावंती
दादा, मालवणला किल्ल्याजवळ हात धरून खाली नेतात ते पण केलंय. मासे दिसले. निदान मासे तरी.

रेवसकर
वाचतोय सगळं. लिहू की नको असं झालं होतं.

आमच्या घरी बुडालेली बोट म्हणजे रामदास. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली, काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेवर माणसं गेली. आजीचा थोरला भाऊ त्यात होता, सणाला घरी यायला निघालेला. त्या दिवशी आजीने डाळ भिजत घातली होती वड्यांची. ती डाळ तिने टाकली नाही, तिसऱ्या दिवशी आंबून फेस आला तरी पातेलं तसंच होतं, असं माझी आई सांगते. आजीने नंतर वडे केलेच नाहीत कधी.

मी पोहायला शिकलो तेव्हा ती पंचाहत्तरच्या पुढे होती. काही बोलली नाही. फक्त घरी आलो की केस ओले आहेत का ते हात लावून बघायची.

डाइव्ह करावंसं वाटतं. अजून केलं नाही. तुम्ही जाऊन या.

अनुजा७२
🙏

खोलपाणी
रेवसकर, लिहिलंत ते बरं केलंत. लिबर्टीत मनुष्यहानीची गोष्ट ऐकायला मिळत नाही म्हणून आपण हसत हसत जातो बहुधा. कधी वाटलं तर मला निरोप टाका, तलावापासून सुरुवात करू.

रेवसकर
टाकतो.

शाकाहारी_शार्क
उशिरा आले. कुणी मेतकूट नेलंय का? कस्टमला अडवतात का? आम्ही कांदा लसूणही खात नाही.

चहाबाज
मेतकूट, थेपले, सगळं गेलं. तिथे तेंपे मिळतं, सोयाबीनचं. तळलेलं छान लागतं. कोळंबीची पेस्ट मात्र भाजीतही असते, विचारून घे.

शाकाहारी_शार्क
नावात शार्क आहे आणि पाण्याची भीती वाटते, तरी विचारून ठेवलं.

निळावंती
तिकिटं काढली. मे महिन्यातली. पाडवा घरी, गुढी खिडकीत. डॉक्टरकडून कान तपासून घेतले, रिफ्रेशरला पुढच्या रविवारी जातेय.

आणि लेकीला गोव्याचं खरं सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत होतं, तू त्या बोटीचा रंग पिवळा सांगायचीस.