युनियनची नोंदणी रद्द करण्याची नोटीस आलीय, हिशेबाच्या वह्या वाळवीने खाल्ल्यात. काय करू?

चटईवाला, जळगाव
२ मे २०२३

नमस्कार. मी जळगाव एमआयडीसीत प्लास्टिक चटईच्या कारखान्यात लूमवर आहे. आमची युनियन लहान, पावती फाडणारे १४० सभासद. पोळ्यानंतर निवडणूक झाली आणि चिटणीसपद माझ्याकडे आलं. मला लिहिण्यावाचण्याची आवड आहे एवढंच सगळ्यांनी पाहिलं.

एप्रिलच्या शेवटी कामगार संघटनांच्या निबंधकांकडून नोटीस आली. २०१९, २०२० आणि २०२१ ची वार्षिक विवरणपत्रं दाखल नाहीत, तर ट्रेड युनियन कायदा १९२६ च्या कलम १० प्रमाणे नोंदणी का रद्द करू नये याचा दोन महिन्यांत लेखी खुलासा द्या, असं तिच्यात आहे.

हिशेब आमचे खजिनदार नाना पाहायचे. एकही सभा त्यांनी चुकवली नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात ते गेले. त्यांच्या आजारपणात आणि नंतरही आमच्यातल्या कुणी वह्यांची चौकशी केली नाही, ही आमची चूक. परवा नानांच्या बायकोने, काकूंनी, मागच्या खोलीतली लाकडी पेटी उघडून दिली. तळाला वाळवी. २०१९ ची रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) अर्धी गेलेली, खतावणीचा (खातेवार हिशेबाच्या वहीचा) नुसता पुठ्ठा उरलेला, सभासद नोंदवहीची पानं एकमेकांना चिकटलेली. ते बघून काकू रडल्या, मलाही बोलवेना. युरियाच्या गोणीत बांधून ठेवलेली पावतीपुस्तकं तेवढी कोरडी आहेत, स्थळप्रतींसकट (पावतीची आपल्याकडे राहणारी प्रत). बँकेचं पासबुकही आहे.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या युनियन मान्यतेच्या कायद्याखाली मालकाशी बोलणी करण्याची मान्यता मिळवायला नानांनी वर्षानुवर्षं खेटे घातले, तेव्हा ती मिळाली. पगारवाढीचं मागणीपत्रक आम्ही फेब्रुवारीत दिलंय. एक जण म्हणतो, नव्या वह्या आण आणि दोन रात्रींत सगळं लिहून काढ. दुसरा म्हणतो, होऊ दे रद्द, नवीन नोंदणी करू. मला दोन्ही पटत नाहीत, पण तिसरा रस्ताही दिसत नाही.

रेल्वेवाला, भुसावळ
२ मे

एवढं घाबरू नका. विवरणपत्र न दिल्याचा दंड कलम ३१ मध्ये ५ रुपयांपर्यंत आहे. उशीर होत राहिला तर आठवड्याला आणखी ५, आणि तेही ५० च्या वर जात नाही. दंड भरा, कागद द्या, विषय संपला.

आप्पा, अमळनेर
३ मे

भुसावळच्या भाऊंनी दंडाचा आकडा बरोबर सांगितला, पण त्याच आकड्याने मला फसवलं. ५० रुपयांची गोष्ट म्हणून मी तीन वर्षं टाळत राहिलो. दंड कलम ३१ मध्ये आहे आणि नोंदणी रद्द करण्याचा अधिकार कलम १० मध्ये. दंड भरला म्हणून तो अधिकार संपत नाही.

मी तेल मिलमधल्या कामगारांच्या युनियनचा अकरा वर्षं खजिनदार होतो. आमची नोंदणी माझ्या हातून गेली. स्टेशनकडची भाड्याची खोली सुटली तेव्हा युनियनची पाटी आम्ही एका सभासदाच्या ओसरीवर नेऊन लावली, पण बदललेला पत्ता निबंधकांना कळवला नाही. कलम १२ प्रमाणे चौदा दिवसांत कळवायला हवा होता. नोटिसा जुन्या पत्त्यावर गेल्या. नोंदणी रद्द झाल्याचं आम्हाला कोर्टात कळलं. कामावरून काढलेल्या नऊ जणांची केस चालू होती, समोरच्या वकिलाने तो आदेश काढून न्यायाधीशांपुढे ठेवला. त्या नऊ जणांतला एक माझा सख्खा मावसभाऊ. बाहेर आल्यावर तो मला एकच वाक्य बोलला, "आप्पा, तुना जोडे व्हता ना तो कागद?" (तुझ्याकडेच होता ना तो कागद?) मी मान वर करू शकलो नाही.

नोंदणी आहे म्हणून युनियन कायद्याच्या नजरेत एक व्यक्ती असते. ती आपल्या नावाने दावा लावू शकते, मालमत्ता ठेवू शकते. संपाच्या वेळी कलम १७ आणि १८ चं जे संरक्षण मिळतं तेही नोंदणीकृत संघटनेलाच. आणि भाऊ, तुमची मान्यता याच नोंदणीवर उभी आहे. नोंदणी रद्द होणं हे १९७१ च्या कायद्यात मान्यता काढून घेण्याचं एक कारणच आहे. नवीन नोंदणी करू म्हणणाऱ्याला विचारा, पुन्हा मान्यतेचा अर्ज करायचा तर आधीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असल्याचं दाखवावं लागतं, तोवर मागणीपत्रकावर बोलणी कोण करणार? आमच्याकडे त्या काळात दुसरी संघटना आली.

आता तुमच्या बाजूचं सांगतो. कलम १० नीट वाचा. नियम मोडला एवढं पुरत नाही. संघटनेने तो जाणूनबुजून, आणि निबंधकांच्या नोटिशीनंतरही मोडला असं दिसलं पाहिजे. तुमचा खजिनदार वारला, वह्या वाळवीने खाल्ल्या, नोटीस येताच तुम्ही कामाला लागलात. जे झालं ते तसंच लिहा. नानांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, खाल्लेल्या वह्यांचे फोटो, काकूंचं प्रतिज्ञापत्र आणि कार्यकारिणीचा ठराव जोडा. खुलासा मुदतीच्या शेवटच्या दिवशी देऊ नका, लवकर द्या आणि पोच घ्या.

दोन रात्रींत वह्या लिहायचं मात्र मनातून काढून टाका. विवरणात जाणूनबुजून खोटी नोंद केली तर ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम लहान वाटेल, पण एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेली तीन वर्षांची रोजकीर्द कुणीही ओळखतं. आज तुमची चूक नकळत झालेली आहे, ती तुम्ही स्वतःच्या हाताने जाणूनबुजून केलेली ठरवाल. आणि ज्या माणसाने युरियाच्या गोणीत पावत्या जपल्या, त्याच्या नावावर खोटी वही ठेवू नका.

माझे वडील प्रताप मिलमध्ये साच्यावर होते. वर्गणीची पावती टोपीच्या घडीत ठेवायचे, घरी आले की आईच्या डब्यात. सभासद अशा पावत्या जपतात. तुमच्या लोकांना विचारा.

हिशेबनीस, धुळे
३ मे

आप्पांनी लिहिलंय त्यात कामाच्या तीन-चार गोष्टी घालतो, कारण मी अशा विवरणपत्रांची कामं करतो.

सगळ्यात जास्त घोळ वर्षाचा होतो. आयकराच्या सवयीने सगळे मार्च ते मार्च हिशेब करतात. कलम २८ ला ३१ डिसेंबरला संपणारं वर्ष हवं. जानेवारी ते डिसेंबर जमाखर्च, आणि ३१ डिसेंबरला युनियनचं येणंदेणं आणि मालमत्ता काय होती ते, लेखापरीक्षण झालेलं. त्या वर्षात पदाधिकारी बदलले असतील तर तेही त्याच्यासोबत द्यायचं असतं. २०२१ मध्ये नाना गेले, म्हणजे तो बदल २०२१ च्या विवरणात यायला हवा.

पासबुकावर थांबू नका, बँकेकडून तिन्ही वर्षांचा खातेउतारा शिक्क्यानिशी घ्या. स्थळप्रतींवरून महिन्यावार जमा काढा आणि बँकेतल्या भरण्याशी ताडून बघा. फरक निघेलच. जिथे जुळत नाही तिथे 'जुळत नाही' असं लिहा. सभासदांची यादीही स्थळप्रतींवरूनच नव्याने तयार होईल. वह्या आणि यादी बघायचा हक्क कलम २० ने प्रत्येक सभासदाला दिलाय, म्हणून ती आठवडाभर गेटजवळ टेबलावर ठेवा. चुका तिथेच सापडतात.

मान्यताप्राप्त आहात तर इतिवृत्ताची वही कुठे आहे ते आधी शोधा. १९७१ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कार्यकारिणीच्या दोन सभांत तीन महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, आणि प्रत्येक ठराव वहीत असावा लागतो. उद्या समोरची बाजू तिथेच बोट ठेवेल.

तरी आदेश विरुद्ध गेला तर कलम ११ चं अपील आहे, आपल्या भागात कामगार न्यायालयात किंवा औद्योगिक न्यायाधिकरणात. आदेश हातात पडेल त्या दिवशीची तारीख पाकिटावर लिहून ठेवा, अपिलाला मुदत असते. नवी औद्योगिक संबंध संहिता २०२० ला मंजूर झालीय, आज मे २०२३ मध्ये लागू नाही (नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आणि १९२६ च्या कायद्याची जागा तिने घेतली), पण तिच्यातही रद्द करण्याआधी साठ दिवसांची नोटीस ठेवलेलीच आहे.

चटईवाला, जळगाव
११ जून

आप्पा, हिशेबनीस भाऊ, कळवायला उशीर झाला. मे महिनाभर पाळी सुटली की आम्ही चौघे काकूंच्या ओसरीवर बसायचो. उकाडा एवढा, की घामाने स्थळप्रती ओल्या होऊ नयेत म्हणून हाताखाली रुमाल ठेवून आकडे मांडले.

गेटवर सूचना लावली, जुन्या पावत्या असतील तर घेऊन या. पहिल्या दिवशी सहा जण आले. नंतर पॅकिंगमधल्या बाया आल्या, त्यांच्याकडे सगळ्यात नीट होत्या, रेशनकार्डाच्या पिशवीत घडी करून ठेवलेल्या. एका मावशींकडे २०१९ ची बाराही महिन्यांची पावती निघाली. खाल्लेल्या वहीतली कितीतरी नावं अशी परत आली. इतिवृत्ताची वही नानांच्या मुलाकडे होती, पूर्ण. २०२० च्या टाळेबंदीत मात्र पाच महिने सभाच नाही, तेही खुलाशात कबूल केलंय.

२०२० मध्ये पावत्यांपेक्षा बँकेत १,८६० रुपये कमी भरलेले आहेत. खूप शोधलं. काही जण म्हणाले, टाळेबंदीत नानांनी कुणाला तरी किराणा भरून दिला असेल. असेलही, पण कागद नाही, म्हणून 'जुळत नाही' असंच लिहिलं. काकूंना आधी विचारलं. त्या म्हणाल्या, खरं तेच लिहा.

तिन्ही वर्षांची विवरणपत्रं, २०२२ चंही, आणि खुलासा ५ जूनला दिला. आवक शिक्क्याची प्रत माझ्याकडे एक, नानांच्या मुलाकडे एक.

आप्पा, अमळनेर
११ जून

वाचून फार बरं वाटलं, भाऊ. एकच विचारतो. नोटिशीवर युनियनचा पत्ता कोणता आहे?

चटईवाला, जळगाव
११ जून

नानांच्या घरचाच आहे, आप्पा. काकूंनी पाटी काढू नका म्हणून सांगितलं, त्यामुळे पत्ता बदललेला नाही. पेटी मात्र आता लोखंडी घेतली.