युकी किहारांचा किमोनोही बघा

या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय की कलाकार युकी किहारा म्हणजे फ्रेंच चित्रकार गोगॅनच्या चित्रांची फोटोत नक्कल, बाकी काही नाही. मला हे अजिबात पटत नाही. गोगॅन सामोआला कधी गेलेलाच नाही, त्याची चित्रं पॅसिफिकमधल्याच ताहिती आणि मार्केसास बेटांवरची, आणि किहारांनी 'पॅराडाइज कॅम्प' या फोटोमालिकेत तीच मांडणी उचलून सामोआच्या उपोलू बेटावर तिथल्याच फाफाफिने लोकांना (जन्माने पुरुष, पण स्त्रीसारखं जगणारे, सामोआत तिसरं लिंग मानले जाणारे) उभं केलं, म्हणजे ज्यांच्याकडे बाहेरचे लोक इतकी वर्षं फक्त बघत आले ते आता स्वतः पोज ठरवून कॅमेऱ्यात बघतायत. याला नक्कल कसं म्हणायचं? २०२२ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात न्यूझीलंडतर्फे हेच काम गेलं होतं.

पण खरं तर मला त्यांचे किमोनो जास्त आवडतात, त्याबद्दल इथे कोणीच बोललं नाहीये. वडील जपानी, आई सामोअन, जन्म सामोआच्या राजधानीत, आपियात, आणि किशोरवयात शिकायला न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला. आजीच्या किमोनोवरून त्यांना कल्पना सुचली, पण कापड रेशमी नाही, सियापो, म्हणजे झाडाची साल कुटून कुटून पातळ केलेलं सामोअन कापड. लांब बाह्यांचे पाच किमोनो ओळीने टांगले की एकाच्या बाहीवरचा समुद्र पुढच्याच्या बाहीवर चालू राहतो! अर्धं जपानी अर्धं सामोअन असा हिशोब तिथे मांडताच येत नाही, आणि इतक्या कडक, सुरकुत्या पडणाऱ्या कापडाला किमोनोच्या सरळ घड्या घालायच्या म्हणजे काय मेहनत असेल, शिवणकाम करणाऱ्यांना लगेच कळेल.