मदत हवी आहे: जुनी डिझेल फोर बाय फोर घेऊ की सोडू?

नमस्कार मंडळी, एक वापरलेली डिझेल फोर बाय फोर बघून आलोय. 12 वर्षांची, मीटरवर 1 लाख 60 हजार किलोमीटर. गाडी मनात भरलीये, भीती त्याचीच आहे.

मी पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं. मुद्दाम तापवून ठेवलं की काय, देव जाणे. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून तसंच वर ठेवलं, तर थडथड नाचायला लागलं आणि कडेने धूर यायला लागला. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या समजायचं, की या वयात एवढा ब्लो-बाय (रिंगांच्या कडेने खाली निसटणारा गॅस) चालतो? कॉम्प्रेशन टेस्टशिवाय, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजल्याशिवाय, कळेल का?

दुसरं, फोर-लो (चारही चाकांना जास्त ताकद देणारा हळू गिअर) पडतच नाही. मालक म्हणाले, "कधी वापरलाच नाही हो, म्हणून जाम झालाय." गाडी थांबवून, न्यूट्रलला टाकूनही बघितलं. नुसतं लिंकेज (गिअर टाकणाऱ्या दांड्यांची जोडणी) अडकलं असेल की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) उघडावी लागेल? चासी खालून नुकतीच काळी रंगवलीये, गंज लपवलाय की काय हा संशय वेगळाच.

रविवारी परत जातोय, इंजिन थंड ठेवा असं बजावलंय. सोबतच्या मेकॅनिकला आधी काय बघायला सांगू? अशी गाडी सांभाळलेल्यांनी स्पष्ट बोला, शिव्या घातल्यात तरी चालेल.