दाराला परवानगी विचारायला साखळी कशाला?

शाहूपुरीकर: "सोसायटीचा अ‍ॅक्सेस ब्लॉकचेनवर टाका, सर्व्हर नको नि सेक्रेटरीची मनमानी नको" ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. ब्लॉकचेन (साखळी) म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर असलेली, मागून बदलता न येणारी सामायिक नोंदवही. इथेरियम या साखळीवर नोंदींच्या एका गठ्ठ्याला, म्हणजे ब्लॉकलाच, १२ सेकंद लागतात. तेवढा वेळ दारात कोण ताटकळेल? कार्डांची यादी प्रत्येक दाराच्या कंट्रोलरमध्येच (कुलूप चालवणाऱ्या बोर्डात) ठेवा, म्हणजे सर्व्हर बंद पडला तरी दार आपलं आपण ठरवतं. २०१९ नि २०२१ च्या पुरात कोल्हापुरात शाहूपुरी, नागाळा पार्कात पाणी शिरलं होतं. तळघरातल्या सर्व्हरच्या भरवशावर दारं ठेवायची का?

साखळीवाला: पोस्ट माझीच, आणि ती नीट न वाचता बोलताय. दार उघडताना साखळीवर काही लिहायचं नसतं, परवानगी वाचायची असते. १२ सेकंद लागतात ते परवानगी देताना किंवा काढताना. तुमच्या यादीचं काय? भाडेकरू गेला तेव्हा एक कंट्रोलर ऑफलाइन असेल, तर त्या दाराला त्याचं कार्ड चालूच राहतं.

शाहूपुरीकर: वाचण्याचं मान्य. पण नेट गेल्यावर वाचणार कुठून? त्यापेक्षा फोनवर २४ तास मुदतीचा, डिजिटल सहीचा पास द्या. दाराकडे सही तपासायची पब्लिक की (उघड ठेवली तरी चालणारी डिजिटल किल्ली) पुरते. माणूस गेला की पुढचा पास द्यायचा नाही.

दोनपदरी वायर: आणि घड्याळ? स्वस्त कंट्रोलर बोर्डावर घड्याळाचा सेलच नसतो. लाईट जाऊन आली की वेळ १९७० वर. कोड फक्त मुदत संपली का एवढंच बघत असेल, तर महिन्यापूर्वीचा पासही दार उघडतो. डीएस३२३१ ही घड्याळाची चिप नि सीआर२०३२ बटण सेल टाका, वर्षाला मिनिटभर फरक पडेल. कार्ड ठेवणार असाल तर २६ बिटांचं वीगँड (कार्ड रीडर ते कंट्रोलर ही जुनी जोडणी) काढा, नंबर तारेवरून उघडा जातो. त्याऐवजी आरएस-४८५ वायरिंगवर ओएसडीपी ही नवी पद्धत घ्या, तिचा सिक्युअर चॅनल (सांकेतिक संवाद) चालू करा, कारखान्यातून आलेली डिजिटल की बदला.

राजारामपुरी ७वी गल्ली: सह्यांवर भांडताय, पण जिन्याच्या दाराचा ईएम लॉक (वीज असेपर्यंत दार धरून ठेवणारं चुंबकी कुलूप) आगीत सुटणार कसा, हे कुणीच बोलत नाही! फायर पॅनेलचा रिले (आगीच्या अलार्मनं चालणारा स्विच) लॉकच्या १२ व्होल्टच्या लाईनमध्येच सिरीजमध्ये हवा. बरेच जण तो कंट्रोलरच्या इनपुटला जोडतात. कंट्रोलर हँग झाला की माणसं आत अडकली. आतलं इमर्जन्सी बटणही तसंच, थेट सप्लाय तोडणारं.

साखळीवाला: म्हणजे लाईट गेली की सगळी दारं सताड उघडी? बॅटरी लावा की.

राजारामपुरी ७वी गल्ली: बॅटरीचं गणित करा आधी. २८० किलोचा लॉक साधारण अर्धा अँपियर खातो, चार दारांना २ अँपियर. ७ एएचची (अँपियर-अवरची) बॅटरी कागदावर साडेतीन तास. पण तो आकडा २० तासांत हळूहळू रिकामी केल्याचा असतो. या लोडला अडीच तास मिळाले तरी खूप. मेन गेटला फेल-सिक्युअर स्ट्राइक (चौकटीतली विजेची खिट्टी) लावा: लाईट गेली तरी बाहेरून बंद, आतून हँडलनं उघडतं. नि लॉकच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा, पट्टीची बाजू प्लसला. तो नसला तर प्रत्येक वेळी बसणाऱ्या झटक्यानं रिलेचे काँटॅक्ट जळतात.

साखळीवाला: बरं, रिलेचं पटलं. पण पासवर सही करणारी डिजिटल की सेक्रेटरीच्या लॅपटॉपवरच असेल, तर मनमानी तिथंच राहिली ना?

शाहूपुरीकर: तीन पदाधिकाऱ्यांपैकी दोघांच्या सह्या लागतील असं ठेवा. त्याला साखळी लागत नाही.

साखळीवाला: आणि पास कुणी कुणाला दिला ती नोंद गुपचूप बदलली तर?

शाहूपुरीकर: नोंदींचा हॅश (नोंद बदलली की बदलणारा छोटा डिजिटल ठसा) रोज रात्री साखळीवर टाका, त्याला हरकत नाही. दार उघडायच्या वाटेत मात्र ती नको.