ऑल-इन-वनमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसेल का?

दादा, लग्नाच्या व्हिडिओंसाठी ऑल-इन-वनमधलं (स्क्रीनच्या मागेच सगळा कॉम्प्युटर असतो ते मशीन) ग्राफिक्स कार्ड बदलायचं म्हणताय, पण दुकानात पैसे देण्याआधी नेटवर मॉडेल नंबर टाकून त्याच्या मदरबोर्डचा फोटो बघा. बहुतेक ऑल-इन-वन म्हणजे स्टँडवर उभा केलेला लॅपटॉपच. ग्राफिक्सची चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते. डेस्कटॉपच्या कार्डाला ना स्लॉट, ना जागा, ना तेवढा पॉवर सप्लाय.

अपवाद एमएक्सएम स्लॉटचा, म्हणजे लॅपटॉपचं सुटं ग्राफिक्स कार्ड बसतं त्या खाचेचा. 2011 च्या 27 इंची आयमॅकमध्ये तो आहे आणि माझ्याकडे तेच मशीन होतं. काच नुसत्या मॅग्नेटवर असते, व्हॅक्यूम कपने निघते. खाली स्क्रीनच्या नाजूक केबल. घाईत एक तुटली की संपलं! जुनं लॅपटॉपचं कार्ड मिळवून बसवलं, तर सुरू होताना ॲपलचं सफरचंद दिसेना, पडदा थेट लॉगिनलाच उजळायचा. कारण कार्डाच्या बायोसमध्ये (सुरू होताना चालणारा चिपमधला प्रोग्राम) ॲपलचा कोड नव्हता. विंडोजच्या मशीनमध्येही मदरबोर्डचा बायोस परकं कार्ड नाकारू शकतो.

थंडरबोल्ट 3 हा वेगवान पोर्ट असेल तर बहुतेकदा बाहेरच्या डब्यात कार्ड लावता येतं. पण नुसता टाइप-सी आकार पाहून फसू नका, शेजारी विजेची खूण शोधा.

आणि आपल्या परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा 42 च्या वर. त्या चपट्या खोक्यात जास्त वॅटचं कार्ड म्हणजे चूलच की! तुमच्या मशीनला 8 जीबीच रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असेल, तर मी कार्डाऐवजी आधी 16 जीबी रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाकीन.