मतदान न करणे हा जबाबदार निर्णय ठरू शकतो का?

कोथरूडकर:
मतदान न करणाऱ्याला सरसकट बेजबाबदार ठरवणे मला मान्य नाही. मे 2024 मध्ये पुणे लोकसभेच्या उमेदवारांची शपथपत्रे वाचून, एकालाही मत द्यावेसे न वाटल्यामुळे, मी विचारपूर्वक घरी थांबलो. मतदान सक्तीचे नाही. शिवाय लोकसभेला 'नोटा'ला ('वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाला) कितीही मते पडली तरी उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतोच; मग ते बटण दाबून काय साधणार?

शनिवार पेठेतून:
हक्काबद्दल वाद नाही, पण तुमचा निषेध पोहोचला कोणाला? केंद्रावरील यादीत तुमच्या नावापुढे जी रिकामी जागा राहिली, तीच सुट्टी साधून लोणावळ्याला गेलेल्याच्या, घर बदललेल्याच्या आणि नाव न वगळलेल्या मृताच्याही नावापुढे राहिली. पूर्वी नियम 49-ओ प्रमाणे नकाराची नोंद केंद्रावरच्या अधिकाऱ्यांसमोर करावी लागे व गुप्तता उरत नसे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2013 रोजी 'नोटा'चा पर्याय द्यायला सांगितले. 2019 च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये 'नोटा' दुसऱ्या क्रमांकावर आला, याची राज्यभर चर्चा झाली. घरी बसलेल्यांची अशी चर्चा होत नाही, त्यांच्या नावे फक्त 'पुणेकर उदासीन' असा मथळा येतो. त्याच वर्षी शिवाजीनगरमध्ये निम्म्याहून अधिक मतदार आलेच नाहीत आणि निकाल सुमारे 5 हजार मतांनी लागला. न येणाऱ्यांचा निर्णय इतरांनी घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

हडपसरवासी:
आपण एकट्याने घरी बसणे आणि गावाने ठराव करून बहिष्कार टाकणे यांत फरक करायला हवा. पाण्यासाठी, रस्त्यासाठी गाव तहसीलदारांना आधी निवेदन देते, तेव्हा अधिकारी समजूत काढायला गावात येतात. मत न देऊनही तिथे म्हणणे नोंदवले जाते. मात्र तशी एकी आपल्या सोसायट्यांमध्ये मला दिसलेली नाही. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला, तेव्हा तुंबलेल्या ड्रेनेजसाठी कोणाकडे जायचे हेच आम्हाला कळेना; त्यानंतर मत सोडून देण्याची कल्पना मला पटत नाही.

कोथरूडकर:
बहिष्काराचा मुद्दा मान्य; रिकाम्या जागेचा मुद्दाही बिनतोड आहे. पण राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक निवडणुकांत 'नोटा' अव्वल आल्यास फेरनिवडणूक घेण्याचा आदेश काढला, तो पर्याय लोकसभा-विधानसभेला का नसावा? महापालिकेला मी 'नोटा'साठीसुद्धा रांगेत उभा राहीन. लोकसभेला मात्र, ही तरतूद होईपर्यंत, माझा निर्णय तोच राहील.